खराट्याची रेघ

आमच्या गल्लीत एकदा सुमो पैलवान अडकला होता, आणि चांगला तीन दिवस अडकला होता. देवळाच्या उत्सवात कुस्ती खेळायला आलेला, जवळची वाट म्हणून आत शिरला आणि तोफूच्या दुकानासमोर दोन्हीकडच्या भिंतींमध्ये जो गच्च बसला तो बसलाच. उपाशी ठेवला तर आपोआप बारीक होईल आणि सुटेल, असं शेजाऱ्यांनी एकमताने ठरवलं. पण आमची माणसं पडली अगत्याची. एकीने भाताचे गोळे दिले, दुसऱ्याने मुळ्याचं लोणचं दिलं, तिसऱ्या घरून माशाचं सूप आलं, आणि तिसऱ्या दिवशी पाहतो तर पैलवान चार किलोने वाढलेला. शेवटी त्याला सोयाबीनच्या दुधाने माखलं तेव्हा कुठे निसटला. मागून ढकलायला मी स्वतः होतो, त्यामुळे यावर शंका घेण्याचं कारण नाही.

हे आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की गल्ली अरुंद आहे हे तुमच्या लक्षात राहावं. समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला मिटावं लागतं. मग "आधी तुम्ही जा", "छे छे, आधी तुम्ही" असं करत दोघंही उभ्या उभ्या भिजतात.

मी कुसाकाबे रोकुरो, मातीच्या भिंती घालणारा गवंडी. गल्लीत मला रोकुसान म्हणतात. या गोष्टीच्या वेळी मी एकोणऐंशीचा होतो. त्यानंतर वय मोजायचं सोडून दिलं.

त्या वर्षी इकुएसानचं तोफूचं दुकान पडायला आलं होतं. भूकंपात एकदा कललं ते दर वर्षी थोडं थोडं कलतच गेलं. फळीवर ठेवलेला तोफू आपणहून घसरत गिऱ्हाइकाच्या भांड्यात जायचा, इकुएसानला हात लावावा लागायचा नाही. सुतार आला, खांबाला बोट लावलं, बोट आत गेलं. म्हणाला, "याला सुतार कशाला, अंत्यविधीला देवळातल्या भिक्षूला बोलवा." म्हणजे पाडून नवं बांधण्यावाचून इलाज नव्हता.

आणि पाडलं की नियम लागू होणार होता.

तो नियम आम्हाला नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातल्या निशिवाकीसानने समजावून सांगितला. तिशीतली बाई, डोक्यावर पांढरं हेल्मेट, कमरेला मोजायची टेप, बोलणं इतकं नम्र की वाईट बातमी ऐकूनही माणूस तिचेच आभार मानायचा.

"जुनं घर आहे तसं उभं राहिलं तर कोणी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण नवं बांधायचं तर गल्लीच्या मध्यापासून दोन मीटर मागे सरून बांधावं लागतं. समोरचेही त्यांचं घर बांधतील तेव्हा दोन मीटर मागे जातील. मग चार मीटरचा रस्ता होतो आणि आगीचा बंब आत येऊ शकतो."

"बंब येईस्तोवर सगळी घरं नवी झालेली असतील आणि आम्ही सगळे मेलेले असू," इकुएसान म्हणाली. पन्नाशी ओलांडलेली, नवरा गेल्यावर एकटीने दुकान चालवणारी बाई. पहाटे चारला उठून सोयाबीन दळणाऱ्या माणसाच्या जिभेला धार असतेच.

"विहिरीचं काय?" मी विचारलं.

खरा प्रश्न तोच होता. इकुएसानच्या दुकानात दारातून आत पाऊल टाकलं की लगेच विहीर. तिचं दगडी कडं दुकानाच्या गल्लीकडच्या भिंतीपासून जेमतेम वीस सेंटिमीटर आत. चार पिढ्यांनी त्याच पाण्यावर तोफू केला होता. नळाच्या पाण्याचा तिने एकदा करून पाहिला, तर गल्लीतल्या मांजराने तोंड लावलं नाही, आणि आमचं मांजर चपला खातं. दोन मीटरचा नियम लावला तर ती अख्खी विहीर रस्त्यात जात होती.

निशिवाकीसानने पिशवीतून दुसरा कागद काढला. "जुन्या गल्ल्यांसाठी आपल्या नगरपालिकेचा एक खास नियम आहे. जुनी ठेवण टिकावी म्हणून. त्यात मध्यापासून एक मीटर पस्तीस सेंटिमीटर एवढंच सरावं लागतं. भिंतींना आग न धरणारं लिंपण हवं, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांनी संमतीचा शिक्का मारायला हवा."

अकरा घरं, अकरा शिक्के. ते मिळवायला आम्हाला अकरा दुपारी लागल्या, कारण एका घरात चहा घेतला आणि दुसऱ्यात नाही असं होऊन चालत नाही. शेवटच्या घरी तर मी वाटाण्याएवढी जागा पोटात शिल्लक नसताना उडदाच्या गोड वड्या खाल्ल्या. इकुएसानच्या समोरचे होरिगोमे सेन्सेई, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी शिक्का मारण्यापूर्वी कागदातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. पण मारला. अकराच्या अकरा झाले, आणि गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग मोजणीचा दिवस आला.

निशिवाकीसानने टेपचं एक टोक होरिगोमेंच्या भिंतीला लावलं, दुसरं इकुएसानच्या दुकानाला. दोन मीटर दहा. त्याचा मध्य काढला, मध्यापासून एक मीटर पस्तीस मोजले, आणि दुकानाच्या आत गुडघ्यावर बसून खडूची रेघ ओढली. रेघ विहिरीच्या कड्यावरून गेली. कड्याचा दहा सेंटिमीटर भाग रेघेबाहेर राहिला. तोफूच्या एका वडीएवढा.

विहिरीत एक थेंब पडला तेवढा ऐकू आला.

"कडं थोडं तासलं तर?" मी विचारलं.

"खाली विहिरीची भिंतही तिथेच आहे, रोकुसान. रस्त्याच्या हद्दीतल्या विहिरीवर लोखंडी झाकण घालून ती बंदच करावी लागते." निशिवाकीसानचा चेहरा खरोखर पडला होता. "मी साहेबांना विचारून पाहते. पण मध्य जिथे आहे तिथे आहे. तो मला हलवता येत नाही."

इकुएसानने खांद्यावरचा पंचा काढला, नीट चौपदरी घडी केली. "तुमचा काय दोष. मग मी असं करते, घर बांधते आणि दुकान बंद करते. दुकानाच्या नावाचा दारावरचा निळा पडदा जुन्या लाकडांबरोबर जाळून टाका." एवढं बोलून ती गिऱ्हाइकाला तोफू द्यायला वळली, आणि त्या दिवशी तिने सगळ्यांना एक-एक वडी जास्त दिली. ते मला अजिबात आवडलं नाही. इकुएसान जास्त देते म्हणजे तिने मनातून आवरायला घेतलं आहे.

आता मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. निशिवाकीसान जिथे टेप लावत होती ती होरिगोमेंची भिंत तिच्या मूळ जागेवर नव्हती. हे गल्लीत एकट्या मला ठाऊक होतं, कारण ती पुढे मी घेतली होती.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी. होरिगोमे सेन्सेईंचे वडील सोयाबीन आंबवून मिसो करायचे, आणि त्यांना कोठारात पिंपांची आणखी एक ओळ बसवायची होती. इकुएसानच्या सासरची सगळी माणसं तीन दिवस गरम पाण्याच्या झऱ्यावर गेली होती, आणि सेन्सेई स्वतः तेव्हा दूरच्या गावात मास्तरकी करत होते. तीन दिवसांत मी भिंत एक हातभर नाही, पण चांगली तीस सेंटिमीटर पुढे आणली. वर चहाचं पाणी आणि काजळी फासली, तेव्हा ती शंभर वर्षांची दिसायला लागली. माती तीन दिवसांत वाळत नाही असं कोणी म्हणेल. माझी वाळते.

आणि गंमत बघा, गल्ली अरुंद झाली असं कोणाच्या मनातही आलं नाही. शेजाऱ्याची भिंत पुढे आली असं म्हणणं केवढा उद्धटपणा. त्याऐवजी प्रत्येक जण मुकाट्याने धरून चालला की आपणच जाड झालो. पिंप घेऊन जाताना कोपर घासलं की माणूस खजील होऊन पोट आत घ्यायचा. सगळ्या गल्लीने भात कमी केला आणि तोफू वाढवला. इकुएसानच्या सासऱ्यांचा धंदा त्या वर्षी दुप्पट झाला, आणि का झाला हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.

म्हाताऱ्या होरिगोमेंना मी शब्द दिला होता की हे कोणाला सांगणार नाही. मी जन्मभर थापा मारत आलो, त्यात काही लपवण्यासारखं नाही. पण गिऱ्हाइकाच्या भिंतीबद्दल दिलेला शब्द गवंडी मोडत नाही. स्वतःचं खोटं हवं तेवढं सांगावं, दुसऱ्याचं खरं सांगू नये.

तेव्हा मला असा मार्ग हवा होता की मी तोंड उघडणार नाही आणि गोष्ट मात्र उघड होईल. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून गल्लीत पाहिलं आणि थेट नगरपालिकेत गेलो.

"निशिवाकीसान, तुम्ही गल्ली मोजलीत ती दुपारी."

"हो. का?"

"सकाळी सहाला या. तेव्हा उजेड चांगला असतो."

"सेंटिमीटर उजेडाने बदलत नाहीत, रोकुसान."

"आमच्याकडे एकदा एक सुमो पैलवान..."

"येते," ती घाईने म्हणाली. पैलवान तिने आधी दोनदा ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्तिकासारखी हवा होती, गार आणि कोरडी. देवळातल्या गिंकोच्या झाडाने रात्रीत सगळी पानं ढाळली होती आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळीधमक झाली होती. सहाच्या ठोक्याला अकरा दारं सरकली आणि अकरा खराटे बाहेर आले.

आमच्याकडे घरासमोर झाडण्याची एक रीत आहे. आपल्या दारापासून गल्लीच्या मध्यापर्यंत झाडायचं. त्याच्या अलीकडे थांबलात तर तुम्ही आळशी. पलीकडे गेलात तर समोरचा आळशी आहे असं तुम्ही सगळ्या गल्लीला सांगता आहात. त्यामुळे दोन्हीकडचे खराटे मध्यावर येऊन थांबतात. तिथली माती कोणत्याच खराट्याला लागत नाही, आणि म्हणून गल्लीभर मधोमध हिरव्या शेवाळाची बोटभर जाडीची रेघ आहे. त्या सकाळी शेवाळावर पानं अडकली होती. बाकी सगळी गल्ली लखलखीत झाली आणि मध्ये उरली एक पिवळी रेघ, दोरी धरून ओढल्यासारखी.

होरिगोमे सेन्सेई इस्त्रीचा एप्रन लावून झाडत होते. वय चौऱ्याहत्तर. खराट्याचा एक-एक फटकारा असा, की जणू फळ्यावर अक्षर काढताहेत. शाळेत तीस वर्षं त्यांनी सोमवारच्या प्रार्थनेनंतर झाडण्यावर भाषण दिलं होतं.

"सेन्सेई," मी म्हणालो, "या निशिवाकीसान म्हणतात, नगरपालिकेत सगळं यंत्राने झाडतात. खराटा कसा धरतात ते यांनी पाहिलेलंच नाही."

"असं मी कधी..." निशिवाकीसान म्हणाली. पण सेन्सेईंनी तोवर तिच्या हातात खराटा दिला होता.

"अंगठा वर. कंबर नाही, खांदा हलवायचा. आणि इथे थांबायचं." त्यांनी चपलेचं टोक शेवाळाच्या रेघेजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "इथपर्यंत आपलं. इथून पुढे समोरच्यांचं."

"पण मध्य इथेच आहे हे कशावरून?"

सेन्सेई तिच्याकडे असे पाहायला लागले, जसं तिने पाढा चुकवला आहे. "माझ्या आईने मला ही रेघ दाखवली. तिला तिच्या सासूने दाखवली. बाई, हे शेवाळ तुमच्या कायद्याच्या आधीचं आहे. चाळीस वर्षं मी रोज सकाळी बरोबर अर्धी गल्ली झाडतो. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. कमी झाडणं हा आळस, जास्त झाडणं हा शेजाऱ्याचा अपमान."

"म्हणजे ही रेघ गल्लीचा मध्य आहे, असं तुम्ही सांगता?"

"सांगतो."

"कायदा आला त्याच्या आधीपासून?"

"आधीपासून."

"लिहून घेऊ?"

"जरूर घ्या. नावासकट लिहा. होरिगोमेमधला पहिला वर्ण लोक नेहमी चुकवतात, तो नीट काढा."

निशिवाकीसानने नीट काढला. मग खराटा भिंतीला टेकवून कमरेची टेप सोडली. रेघेपासून इकुएसानच्या दुकानापर्यंत मोजलं. रेघेपासून सेन्सेईंच्या भिंतीपर्यंत मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग ती अतिशय नम्रपणे म्हणाली, "सेन्सेई, माफ करा. तुम्ही नव्वद सेंटिमीटर झाडता. इकुएसान एकशे वीस झाडतात."

गल्लीतले अकराही खराटे थांबले.

"तरीच," इकुएसान खराट्यावर रेलून म्हणाली. "मला वाटायचं, समोरच्यांपेक्षा माझीच कंबर जास्त का दुखते."

मी आकाशाकडे पाहिलं. आकाशात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण मी पाहिलं.

सेन्सेईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग त्यावर एक विचार करणारा भाव आला. मला त्यांची दयाही आली. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर चाळीस वर्षं रोज सकाळी ते पंधरा सेंटिमीटर कामचुकारपणा करत आले होते, सगळ्या गल्लीदेखत, आणि सोमवारी पोरांना त्यावर भाषणं देत होते. नाही तर त्यांची भिंत पुढे आलेली होती. दुसरी वाट धरली तर पुढेमागे घर बांधताना त्यांना जास्त मागे सरावं लागणार होतं.

त्यांना फार वेळ लागला नाही.

"रोकुसान," ते म्हणाले, "ही भिंत कोणी घातली?"

"चांगली भिंत आहे, सेन्सेई. कोणी तरी चांगल्याच माणसाने घातली असणार."

"तुम्ही घातलीत का?"

"मला सकाळी नीट ऐकू येत नाही."

"माझ्या वडिलांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का?"

"त्यांनी मला जे सांगितलं ते मी कोणालाही सांगणार नाही असं सांगितलं होतं," मी म्हणालो, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी जरा जास्तच बोललो.

सेन्सेईंनी एप्रन सोडला, खांद्यावर टाकला आणि कोठाराचं दार सरकवलं. "या," ते निशिवाकीसानला म्हणाले. "सगळेच या. पादत्राणं काढून."

आत भिंतीलगत मिसोच्या पिंपांची ओळ होती, रिकामी, कारण सेन्सेईंनी वडिलांचा धंदा कधी केला नाही. आम्ही चौघांनी मिळून पहिलं पिंप हलवलं. त्याच्या खालची फळी काढली. फळीखाली पायाचे दगड, एकामागे एक, सरळ ओळीत, भिंतीपासून तीस सेंटिमीटर आत. जुन्या भिंतीचा पाया. निशिवाकीसानने फोटो काढले, टेप लावली, वहीत लिहिलं. सेन्सेई वाकून दगडांकडे बघत राहिले.

"बाबा मला म्हणायचे, त्या कोपऱ्यात खेळू नकोस, साप आहे," ते शेवटी म्हणाले. "चाळिशी उलटली तरी म्हणायचे."

इकुएसान आधी हसली. मग सेन्सेई हसले. सेन्सेईंना हसताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, पैलवान सुटला तेव्हा.

मध्य बदलला. खरं म्हणजे होता तिथेच गेला. निशिवाकीसानने इकुएसानच्या दुकानात गुडघ्यावर बसून जुनी खडूची रेघ पंच्याने पुसली आणि नवी ओढली. आता दुकानाला पंधरा सेंटिमीटरच मागे सरायचं होतं, आणि विहिरीचं कडं वीस सेंटिमीटरवर होतं. कडं रेघेच्या आत आलं. पण मधे जागा उरली पाच सेंटिमीटर.

"पाच सेंटिमीटरात भिंत होते का?" निशिवाकीसानने काळजीने विचारलं. "आग न धरणारं लिंपण लागेल, हे लक्षात आहे ना?"

इकुएसानने माझ्याकडे पाहिलं. "रोकुसान, थापा मारायच्या असतील तर आजचा दिवस थांबा. होते का?"

"होते," मी म्हणालो, आणि ती थाप नव्हती.

ती भिंत मी स्वतः घातली. बांबूच्या कामट्या सुईसारख्या तासून घेतल्या, माती तीनदा चाळली, चुना आमच्या आजोबांच्या पद्धतीने भिजवला. तीन महिने लागले, कारण इथे कोणालाही फसवायचं नव्हतं. जाडी चार सेंटिमीटर आठ मिलिमीटर. सकाळचं ऊन पडलं की आतल्या बाजूने विहिरीच्या कड्याची सावली बाहेर दिसते, आणि इकुएसान हसली की भिंतीवर खळी पडते. हे नगरपालिकेच्या कागदात लिहिलेलं नाही, पण येऊन पाहा.

मार्चमध्ये निळा पडदा पुन्हा दारावर चढला. पहिली वडी निशिवाकीसानला दिली. तिने ती घेण्याआधी गल्लीच्या मध्यात पितळेची खूण ठोकली, आणि ती ठोकायला शेवाळ थोडं खरवडू का असं विचारलं, तेव्हा सेन्सेई आणि इकुएसान दोघंही एकदमच म्हणाले, "नको." खूण शेवाळाच्या आतच बसवली. आता ती दिसत नाही, पण आहे.

दुसरी वडी सेन्सेईंना. ते चिनी मातीचा वाडगा घेऊन आले होते. आल्याचा कीस आणि सोया सॉस त्यांनी घरूनच आणला होता. उभ्या उभ्या खाल्ली, वाडगा पुसला आणि इकुएसानला म्हणाले, "उद्यापासून मी एकशे वीस झाडणार. वडिलांच्या वाटचे."

"म्हणजे मी आळशी?" इकुएसान म्हणाली. "खबरदार माझ्या शेवाळापलीकडे आलात तर."

"मग माझी भिंतच मागे घेतो. पुन्हा जुन्या दगडांवर. रोकुसान, घ्याल काम?"

तोंडापर्यंत होकार आला होता. म्हटलं, मरण्याआधी एक भिंत दोनदा घालणारा गवंडी म्हणून नाव होईल. पण इकुएसानने फळीवर हात आपटला.

"अजिबात नाही. गल्ली तीस सेंटिमीटर रुंद झाली तर सगळ्यांना वाटेल आपण बारीक झालो. मग माझा तोफू कोण खाणार?"

सेन्सेईंनी यावर बराच विचार केला. मग त्यांनी वाडगा पुन्हा पुढे केला.